ग्वेइलान वहिनीचं नाक

माझी वहिनी मौ ग्वेइलान चीनमधल्या चोंगछिंगला नदीकाठच्या एका हॉटपॉटच्या, म्हणजे टेबलावरच्या उकळत्या रश्शात शिजवून खायच्या, खानावळीत सव्वीस वर्षं मसाला परतत होती. गाईच्या चरबीत मिरचीचा ठेचा, आंबवलेल्या डाळीची चटणी, आलं आणि तिरफळ घालून चार तास हलवत राहायचं. घड्याळ कोणी बघत नसे. वहिनी कढईवर वाकून वास घ्यायची आणि म्हणायची, "बास, उतरवा." मालकसुद्धा त्यावर बोलत नसे.

एका थंडीत तिला ताप आला. आठवड्याने ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. त्याच्याबरोबर चवही गेली. मिरची नुसती जाळायची, तिरफळ नुसतं जीभ बधिर करायचं. तिने कोणाला सांगितलं नाही. रंग बघून आणि चरबीचा आवाज ऐकून ती मसाला उतरवत राहिली.

मला कळलं ते अचानक. एकदा तिच्याकडे गेले तर करपल्याचा वास जिन्यापर्यंत येत होता आणि ही शेगडीशेजारी शांतपणे भाजी निवडत बसलेली. मी झाकण काढलं, आत भाताचा कोळसा.

"यूझू," ती म्हणाली, "तुझ्या दादाला बोललीस तर पुन्हा या घरात पाय ठेवू नकोस."

मी बोलले नाही.

पुढची थंडी सुरू होताना तिच्या लेकीचं, लूयाओचं, लग्न ठरायच्या बेताला आलं. मुलगा शांतुंगचा, उत्तरेकडचा, तिकडे तिखट फारसं खात नाहीत. त्याचे आईवडील पहिल्यांदाच आमच्याकडे येणार होते आणि रविवारी दुपारी सगळ्यांनी मिळून जेवायला जायचं ठरलं. लूयाओने जागा निवडली लेई खुनची. हा लेई खुन आठ वर्षं वहिनीच्या हाताखाली शिकला होता आणि आता त्याची स्वतःची खानावळ जोरात चालली होती.

वहिनीला दुसरी जागा हवी होती, पण कारण काय सांगणार? आदल्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं.

"तू माझ्याशेजारी बस. आधी तू खा. चांगलं असलं तर पाय एकदा दाब, बिघडलं असलं तर दोनदा."

"आणि कोणी बघितलं तर?"

"टेबलाखाली कोण बघतंय?"

आम्ही सात जण बसलो. टेबलाच्या मधोमध आडपत्रा घालून दोन भाग केलेली कढई. एका बाजूला लालभडक रस्सा, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांसाठी हाडांचं साधं सूप. होणाऱ्या विहीणबाई साध्या सुपाच्या पलीकडे जायला तयार नव्हत्या. व्याही मात्र धीराचे. लाल रश्शातली वजडी तोंडात टाकून घाम पुसत म्हणाले, "लूयाओ सांगते, अख्ख्या गल्लीत तिच्या आईसारखं नाक नाही. मग सांगा, हा मसाला कसा आहे?"

मी घाईने कमळकाकडीची चकती तोंडात घातली आणि पाय एकदा दाबला.

"छान आहे," वहिनी म्हणाली. "चरबी ताजी आहे."

दादा कौतुकाने हसला. मला वाटलं, निभावलं. पुढचा अर्धा तास मी आधी खात होते आणि पाय दाबत होते, ती बोलत होती. माझी पाठ घामाने ओली झाली होती, आणि तो मिरचीचा घाम नव्हता.

तेवढ्यात लेई खुन स्वतः बाहेर आला. हातात दोन वाट्या.

"वस्ताद, तुम्ही माझ्याकडे येतच नाही. आज सापडलात." त्याने दोन्ही वाट्या तिच्यासमोर ठेवल्या. "उद्यापासून थंडीभराचा मसाला परतायला घेतोय. एक तुमच्या पद्धतीने केलाय, एक मी थोडा बदललाय. तुम्ही म्हणाल तो धरतो."

"बघू, मला दे," मी हात पुढे केला.

"आत्या, तुम्ही नंतर. आधी वस्ताद."

वहिनीने चमच्याने पहिल्या वाटीतलं घेतलं. मी सांडलेलं पुसायच्या निमित्ताने वाकले. वाटीतून कडवट वास येत होता, डाळीची चटणी जळली होती. मी पाय दोनदा दाबला. तिला कळलं नाही की काय म्हणून पुन्हा दोनदा दाबला.

तिला कळलं होतं. पण ती लेई खुनकडे बघत होती. तो हात पुसत उभा होता, अगदी उत्तर ऐकल्याशिवाय हलणार नाही असा.

तिने चमचा खाली ठेवला.

"मला वास येत नाही, खुन. गेल्या थंडीपासून. चवही नाही. मला विचारून तू धंदा बुडवशील."

रस्सा खदखदत होता. विहीणबाईंनी हात लांब करून गॅस बारीक केला, वजडीचं रबर होत होतं म्हणून.

"गेल्या थंडीपासून?" लूयाओ म्हणाली. "आई, अगं वर्ष झालं."

दादा मात्र दुसरंच काही मोजत होता. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"मग फेब्रुवारीत गॅस उघडा राहिला होता तो?" त्याने विचारलं. "मी घरी आलो, घरभर वास. तू आतच बसलेली. तू म्हणालीस, चहा करून तुम्हीच विसरलात."

वहिनीने समोरच्या वाट्या बाजूला सरकवल्या.

"माझा बाप विसरत विसरत गेला, ग्वेइलान. शेवटी मला ओळखत नव्हता. तेव्हापासून मी रोज सकाळी उठून सगळ्यांची नावं म्हणून बघतो. दवाखान्यात जाऊन डोक्याचा फोटो काढून आलो, तुला न सांगता. आणि मी विसरलो नव्हतो हे तुला माहीत होतं."

"घाबरले होते मी," वहिनी म्हणाली.

"मीही घाबरलो होतो." तो उठला आणि बाहेर गेला.

मी उठायला लागले तर वहिनीने मला खांदा धरून बसवलं आणि स्वतः गेली. काचेतून दिसत होतं, पायऱ्यांवर तो उभा, ती दोन पायऱ्या खाली. काय बोलले ते मी आजवर विचारलेलं नाही. आत आम्ही वाट बघत बसलो. व्याह्यांनी शेवटी लूयाओच्या वाटीत मासा वाढला आणि म्हणाले, "खा पोरी, गार होतंय." लग्न मोडत नाही हे तेव्हा आम्हाला कळलं.

ते दोघं परत आले, जेवले. बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वहिनीने मालकाला खरं सांगितलं. त्याने तिला काढलं नाही. परतायचं काम तिच्याकडे राहिलं, "बास" म्हणायचं दुसऱ्या बाईकडे गेलं. ते तिला फार लागलं. महिनाभर ती घरी येऊन न जेवता झोपायची. दादाचा अबोला वसंतापर्यंत टिकला, लूयाओच्या लग्नातही तो तिच्याशी कामापुरतं बोलला.

दवाखान्यातून तिला वासाच्या तेलांच्या चार बाटल्या मिळाल्या आहेत, लिंबू, लवंग, गुलाब आणि निलगिरी. सकाळ-संध्याकाळ हुंगायच्या, नाकाला आठवण करून द्यायला. आधी ती एकटीच हुंगायची. मग एके दिवशी मी गेले तर बाटल्या दादाच्या हातात होत्या.

"डोळे मीट," तो म्हणाला. "हे काय?"

"काही नाही."

"हे?"

"काही नाही."

तिसऱ्या बाटलीला ती थांबली. "लवंग?"

"लिंबू." त्याने बूच लावलं नाही, बाटली तशीच तिच्या नाकाखाली धरून ठेवली. "पण काहीतरी आलं?"

"काहीतरी आलं," वहिनी म्हणाली.