चादरी कुठं वाळतात?

शाखाधिकारी सुनंदा ठोंबरे गेल्या शुक्रवारी आमच्या बँकेच्या कर्जत शाखेतून निवृत्त झाल्या. मोठं कर्ज मागणाऱ्याकडे त्या न कळवता, शेअर जीपने जात. "कागद घरबसल्या रंगवता येतो. धंदा बघायला पाय लागतात," असं म्हणत. मी त्यांच्या हाताखाली कर्ज विभागात होतो.

दोन वर्षांपूर्वी कशेळे रस्त्यावरच्या एका रिसॉर्टमालकाने नव्या खोल्यांसाठी कर्ज मागितलं. जुन्या बुडीत कर्जांमुळे शाखा तोट्यात होती. मार्चअखेर कर्जवाटप वाढलं नाही तर ती खोपोली शाखेत विलीन करणार, असं वरून कळवलं होतं. या एका कर्जाने शाखा वाचणार होती. आम्ही पेढे सांगून ठेवले होते.

बाई मला घेऊन तिथे पोचल्या. अंगणात गाड्या, जोरात गाणी. मालक म्हणाला, "फुल हाय बाई, एक खोली रिकामी नाय."

बाई मागच्या बाजूला जाऊन रिकामी दोरी बघून आल्या. "मग चादरी कुठं वाळतात?"

"त्या... दहिवलीला जातात, लाँड्रीत."

बाई जवळजवळ पळतच जीपकडे निघाल्या. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आग लागली काय?"

"लागायच्या आत चाललोय रं! हाण!"

दहिवलीचे लाँड्रीवाले रफिकभाई हसले. "त्यांच्या चादरी? दिवाळीपासून एक गठ्ठा नाय आला. गाड्यावाले जेवून जातात, मुक्कामाला कोण नाय. माझंच बिल थकलंय. तुमी वसुलीला जाताय ना, माझंही आणा."

अर्ज नामंजूर झाला. वरिष्ठांचा फोन आला: "शाखा तुमच्यामुळे बंद होईल."

"हे कर्ज दिलं तर नक्की होईल, साहेब. फक्त वर्षभर उशिरा," बाई म्हणाल्या.

उरलेल्या दिवसांत त्यांनी कडावच्या दूधवाल्यांना छोटी कर्जं दिली. प्रत्येक गोठ्यात ऐन धारेच्या वेळी जाऊन. कर्जवाटपाचा आकडा थोडक्यात हुकला, पण विलीनीकरण वर्षभर पुढे गेलं. रिसॉर्टला दुसऱ्या बँकेने कर्ज दिलं. पुढच्या दिवाळीआधी हप्ते थांबले आणि त्या शाखेचा नफा बुडीत कर्जाची तरतूद करण्यात गेला. आमच्या दूधवाल्यांचा एकही हप्ता चुकला नाही. शाखा नफ्यात आली, विलीनीकरण रद्द झालं.

निरोप समारंभानंतर मी बाईंना कशेळ्याला, घरी सोडायला निघालो. रिसॉर्ट आता नव्या मालकाकडे आहे. मागच्या दोरीवर पांढऱ्या चादरी होत्या.

"बघ रं बघ!" बाई ओरडल्या. "अर्ज आला तर लगेच हो म्हणू नको. दिखाव्याला टांगलेल्या चादरी कोरड्याच असतात. आधी हात लावून बघ."

सोमवारी नव्या मालकाचा अर्ज आला. मंगळवारी दुपारी मी न कळवता तिथे पोचलो. चादरी ओल्या होत्या.