स्लॉटमधली अक्षत

दमानंमामांना मी कधी घाई करताना पाहिलं नाही, आणि माझ्यासारख्या उतावळ्या बाईला त्याचा भारी राग यायचा. कॉम्प्युटर उघडण्याआधी ते चपला दाराबाहेर काढत, खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली वीज उतरवत आणि निघालेला एकेक स्क्रू स्टीलच्या वाटीत ठेवत. कुणी गडबड केली की एवढंच म्हणत, "दमानं." त्यांचं खरं नाव कारखान्यात कुणालाच आठवत नसे. आधी ते कुपवाडला मोटारी दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर शिकले, तेही दमानंच.

नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. माधवनगरच्या एका साड्यांच्या कारखान्यात मी काठापदराची डिझाइनं काढायचे. ग्राफ पेपरवर चौकोन रंगवून डोळे जायची वेळ आली, तेव्हा मीच मालकांच्या मागे लागून कॉम्प्युटर घ्यायला लावला. तो मामांनीच जोडून दिला. पण त्याचं चित्र दाखवायचं काम मुख्य बोर्डावरच भागवलेलं होतं आणि ते रंग मोजकेच दाखवायचं. माझा डाळिंबी आणि विटकरी पडद्यावर एकच दिसे. त्यापायी एका काठाचा रंग चुकला आणि मागावर चढवलेला उभ्या धाग्यांचा सबंध ताणा वाया गेला.

मालक ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "सोमवारी दुपारी व्यापारी येतोय," ते म्हणाले. "पडद्यावर रंग खरे दिसले पाहिजेत. नाहीतर हे खोकं परत, आणि तुमचंही मग बघू." माझं काय बघणार ते मला कळलं. घरात मिळवती मी एकटी होते.

मामांनी वेगळं ग्राफिक्स कार्ड घालायचं ठरवलं. सोमवारी सकाळी ते कार्ड डब्याच्या पिशवीतून, टॉवेलात गुंडाळून आणलं. बोर्डावरचं जुनं चित्र बंद करायला एक नखाएवढी प्लास्टिकची टोपी काढून शेजारच्या धातूच्या काड्यांवर बसवली, कार्ड बोर्डावरच्या खाचेत, स्लॉटमध्ये दाबलं, मॉनिटरची वायर त्याला जोडली आणि बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. आतून एक लांब शिट्टी आली, मागोमाग बारक्या शिट्ट्या.

"कार्ड दिसंना झालंय त्येला," मामा म्हणाले.

पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. पुन्हा शिट्ट्या. मालक दारात येऊन घड्याळ बघून गेले. मी म्हटलं, "मामा, जोर लावा की जरा."

"जोर लावला तर बोर्ड फुटंल, ताई. दमानं." त्यांनी बॅटरी पेटवून स्लॉटमध्ये डोळा घातला. मग हळूच विचारलं, "खंडेनवमीला पूजा कुणी केली?"

मीच केली होती. सगळ्या मागांना हळदकुंकू लागत होतं, म्हणून मीही कॉम्प्युटरचं झाकण उघडलं होतं. पत्र्याची काय पूजा करायची, खरं यंत्र तर आत, असं मला वाटलं. बोर्डावरच अक्षता टाकून मनोभावे नमस्कार केला होता. मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि चिमटा हातात घेतला.

स्लॉटमध्ये अडकलेली अक्षत त्यांनी अलगद बाहेर काढली. स्लॉटची एक पट्टी वाकली असती तरी सगळं संपलं असतं. कुंकवानं लाल झालेला तांदळाचा दाणा त्यांनी माझ्या मुठीत दिला आणि कार्ड बसवलं. या वेळी ते खट्ट करून आत गेलं. पडदा उजळला. त्यांच्याजवळच्या फ्लॉपीवरून कार्डाचा प्रोग्राम चढवला आणि मी काठाचं डिझाइन उघडलं. डाळिंबी डाळिंबी होता, विटकरी विटकरी.

मालक आत आले. "इतका वेळ काय झालं होतं?"

मी दाण्याची मूठ पदराआड घेतली. मामा वाटीतले स्क्रू लावत म्हणाले, "चूक माझीच, साहेब. पयल्यांदा जोडताना स्लॉट साफ केला न्हाई. कचरा ऱ्हायला हुता."

दुपारी व्यापाऱ्यानं डिझाइन पसंत केलं. माझी नोकरी राहिली. मामांना मात्र मालकांनी पुन्हा बोलावलं नाही. असल्या निष्काळजी माणसाच्या हातात यंत्र द्यायचं नाही, असं त्यांनी मलाच ऐकवलं. मी होकारार्थी मान हलवली. ती हलवलेली मान मला आजही छळते.

पुढे मामा साताऱ्याला लेकीकडे गेले. एकदा मी त्यांना गाठून विचारलंच, "का घेतलंत अंगावर?"

"मला धा कारखानं हुतं, ताई. तुमाला एकच खुर्ची." मग हसून म्हणाले, "औंदा पूजा झाकणावरनंच केली न्हवं?"

मामा वारल्याचं कळलं त्या दिवशी मी मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. मालक आता थकले होते. बराच वेळ त्यांनी टेबलावरचे कागद उगाच नीट केले.

"इतकी वर्षं मी त्या माणसाला निष्काळजी म्हणत होतो," ते म्हणाले. "आता सांगून काय उपयोग, ताई?"