दाराआडची आकडी

सुपडू महाजन तापानं गेल्याची बातमी मला केळी घेऊन आलेल्या गाडीवानानं राजपुऱ्यात भर रस्त्यात दिली. "तुमचे ओवरसियरसाहेब गेले ना भाऊ," एवढं म्हणून त्यानं बैल हाकलेसुद्धा. तुमचे... महिना झाला, मी त्या एका शब्दापाशी अडकलो आहे.

बांधकाम खात्यात आम्ही बरोबरच लागलो. तो ओवरसियर, मी कारकून. त्याच्या गावाजवळ, फोपनारजवळ, नाल्यापलीकडे केळीच्या मळ्यांत राबणाऱ्या मजुरांची वस्ती होती. पाणी चढलं की आजारी माणूस पलीकडेच राहायचा. तिथे फरशी, म्हणजे पाण्याच्या जरा वरून जाणारा बुटका पूल, बांधायचा त्यानं ध्यास घेतला. आधी मोजणीची फीत काढली नाही. गेंदाबाई नावाच्या मजुरणीमागून नाला ओलांडत राहिला, ती पाय कुठे ठेवते ते बघत. "साहेब, बूट वाहून गेले तर आमच्या माथी नका मारू हां!" ती हसायची. बाभळींत अडकलेल्या केळीच्या सोपटांवरून, म्हणजे खांबांच्या सालींवरून, त्यानं पुराची उंची मोजली आणि तिथेच त्याच्या लक्षात आलं. आमच्याकडे घड कापला की केळीचे खांब नाल्यात लोटतात. सगळेच लोटतात, त्याचा बापही लोटायचा. प्रस्तावाला जोडायला त्यानं माझ्याकडे मराठीत एक कागद दिला : "फरशीखाली गोल नळ घालू नयेत. केळीचे खांब अडकून पाणी वस्तीत शिरेल. रुंद, मोकळे गाळे ठेवावेत."

तेव्हा राज्याची नव्यानं जुळणी झाली होती. नागपूरच्या फायली भोपाळला चालल्या होत्या, ठिकठिकाणचे नोकर एका ज्येष्ठता यादीत बसवले जात होते, आणि माझं नाव कुठे पडणार याचीच मला धास्ती. वरून नमुना नकाशा आला, त्यात नळच होते. प्रस्ताव हिंदीत उतरवायचं काम माझं. नमुन्याविरुद्धचा कागद लावला तर विचारणा येणार, आणि उत्तर देणारा मी... मी तो उतरवलाच नाही.

"माझा कागद लावलास ना रे, दिनकर?" मंजुरी आल्यावर त्यानं विचारलं.

"लावला. वरच्यांनी मानला नाही."

"नाला काही भोपाळचा नकाशा वाचत नाही," तो म्हणाला, आणि हुकमाप्रमाणे नळ टाकले.

दुसऱ्याच पावसाळ्यात ते खांबांनी गच्च बुजले. पाणी वळलं, वस्तीत शिरलं, गेंदाबाई बुडाली. चौकशीत सुपडू म्हणाला, "मी लेखी कळवलं होतं." मला विचारलं. मी म्हणालो, "फायलीत असा कागद नाही." खोटं नव्हतं ते, कागद माझ्या घरी पेटीत होता. सुपडूनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. "मग नसेल," म्हणाला. त्याची नोकरी गेली, माझं नाव यादीत हवं तिथे बसलं. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पुढे दर पुराला तो वेळूच्या टोकाला लोखंडी आकडी बांधून फरशीवर जायचा आणि नळांतले खांब एकटा ओढून काढायचा. "चूक केली, आता भोगतोय," लोक म्हणायचे. मी ऐकून घेत राहिलो. चूक माझी होती. हे आज लिहितो आहे, तो वाचायला नसताना.

परवा त्याच्या घरी गेलो, कागद त्याच्या बायकोच्या, यमुनावहिनींच्या हातात दिला. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही.

"त्यांना माहीत होतं, भाऊजी. म्हणायचे, आणून देईल कधीतरी."

मग दाराआडची आकडी काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. "कागद ठेवते मी. ही तुम्ही न्या. नळ मोकळे करायला आता दुसरं कोण आहे?"

वेळू त्याच्या पकडीपाशी गुळगुळीत झाला आहे, आकडीत सोपटाचा वाळका धागा आहे. आता ती माझ्या दाराआड उभी असते. काल तोच गाडीवान सांगत गेला, नाल्याला पाणी आलंय... मी अजून गेलेलो नाही.