असमान विभागणी

सरांनी माझ्या हातातला मार्कर काढून घेतला. सगळ्या प्रयोगशाळेसमोर. फळ्यावर माझं समीकरण अर्धंच लिहून झालं होतं.

"अहो, आपण पेशी मोजा. नजर चांगली आहे आपली. डोक्याला कशाला त्रास देता?"

सगळे हसले. मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

आमचं काम पेशींच्या वाढीचं गणित मांडायचं. एकीच्या दोन, दोनाच्या चार. किती दिवसांत किती होतील ते आधी सांगायचं. पेशी निम्मी-निम्मी वाटली जाते, हे सरांचं गृहीतक. मी दोन वर्षं सूक्ष्मदर्शकातले फोटो मोजत होते. निम्मं कुठेच नव्हतं. होणाऱ्या दोघींपैकी एक मोठी, एक लहान. लहानीला पुन्हा विभागायला जास्त वेळ लागायचा. म्हणून सरांचा आलेख प्रयोगाशी जुळत नव्हता. एवढंच सांगत होते मी.

पुढच्या आठवड्यात सरांनी माझी वही 'बघायला' नेली आणि परत दिली. काही महिन्यांनी सरांचा पेपर छापून आला. त्यात असमान विभागणी होती. समीकरण माझं, जसंच्या तसं. वर नावं दोन: सरांचं आणि त्यांच्या मित्राच्या मुलाचं. मी शेवटी, आभारात. मोजणीसाठी.

याच माणसाचं व्याख्यान ऐकून मी गणिताच्या प्रेमात पडले होते. सातचा आकडाही लिहायला लागले होते त्यांच्यासारखा. काळीज फाटलं ते त्यामुळे.

खडकीला घरी वडील छापलेल्या पेपरची वाट बघत होते. तो त्यांच्या हातात दिला. जन्मभर कारखान्यात पेट्या उचलल्या त्यांनी. म्हणाले, "इंग्रजी नाही येत मला, पण आपलं आडनाव ओळखतो. गेटपासवर होतं." वरच्या ओळीवर बोट फिरवत राहिले. बराच वेळ. मग म्हणाले, चष्मा बदलायला झालाय. चष्मा नवा होता.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये गेले. नाव का नाही, विचारलं. ते म्हणाले, कुणालाही काहीही सुचतं, गणित मांडायला घरचे संस्कार लागतात. पुढच्या पेपरात बघू. फेलोशिपच्या अहवालावर सही कुणाची लागते, तेही ऐकवलं.

"पुढच्या नको, सर. याच."

मी वहीच्या झेरॉक्स टेबलावर ठेवल्या, प्रत्येक पानावर तारीख. मूळ वही तक्रारीसोबत संस्थेच्या संचालकांकडे त्याच सकाळी दिली होती.

आता सही अडली आहे. प्रयोगशाळेत कुणी बोलत नाही. समजूतदार माणसं तक्रार मागे घे म्हणतात. घेणार नाही. पीएचडीची पदवी गेली तर जाऊ दे. आभारात मी राहणार नाही.