काळी वाळू आणि खोबरेल

मोटरचं दुखणं मला कानानेच कळतं. रापणीचं जाळं ओढतानाचं चित्रीकरण करून मी ड्रोन किनाऱ्यावरच उतरवला होता. पुन्हा सुरू केला, तर जात्यात खडा सापडावा तशी घरघर.

शेजारी माझे काका उभे होते. त्यांचा जन्म होडीच्या इंजिनात गेला आणि पिशवीत खोबरेलाची बाटली कायम. गंज असो की गुडघा, औषध एकच. "तेल घाल गो," ते म्हणाले.

"बिलकूल नको!" मी तडकले. पाती काढली आणि चारही मोटरी बोटाने फिरवून बघितल्या. एकच खरखरत होती. आमच्या वाळूत लोखंडाचे काळे कण असतात. मोटरमधल्या लोहचुंबकाला ते चिकटतात, आणि तेल घातलं तर वाळू आणखीच धरते. चिकटपट्टी दाबून दाबून मी कण उचलले. मोटर निमूट फिरायला लागली.

"बघलात, काकानू?" म्हणत मी मान वर केली.

काका बाटलीला टोपण लावत होते.

"तुझी ती बरी झाली," ते समाधानाने म्हणाले. "बाकीच्यांका मी घातलंय. आजारी पडूक नको."