हेडसरची सायकल

हिरामण मंगळवारी गेला. बातमी आमच्या शाळेच्या ग्रुपवर दुपारी आली. तिच्याखाली कुणी हात जोडले, कुणी फूल ठेवलं, आणि जिजाबरावनं सायकलचं चित्र टाकलं. मग बाकीच्यांनीही सायकली टाकल्या. संध्याकाळपर्यंत सायकलींची रांग लागली होती.

मी फक्त हात जोडले.

त्या सायकलींचा अर्थ तुम्हाला सांगायचा तर मला जे सांगावं लागेल, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच — आणि आता तो नाही. तो गेला म्हणून याला कंठ फुटला, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

माझी नोकरी जळगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली. पुस्तकांत राहणारा माणूस सरळ असतो, असा लोकांचा एक समज आहे. मी तो कधी मोडला नाही. शाळेतही असाच होतो — शांत, पहिल्या बाकावरचा, अक्षर चांगलं. म्हणून वर्गाचा मॉनिटर. शाळा धुळ्याची, देवपुरातली. आता आम्ही सगळे साठीला आलो, तरी ते मला नावानं हाक मारत नाहीत. मॉनिटरच म्हणतात.

ग्रुप झाल्यापासून आमची दर हिवाळ्यात भरीत पार्टी असते. जिजाबरावचं शेत नशिराबादजवळ आहे. बांधाला कापसाच्या पऱ्हाट्या पेटवायच्या, त्यावर वांगी भाजायची, लाकडी बडगीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचायची. सतरंजीवर बसायचं. आणि मग शाळा काढायची. तुमचाही असा एखादा ग्रुप असेल. त्यातल्या गोष्टी ठरलेल्या असतात, नाही का? त्याच, त्याच क्रमानं, आणि हसूही त्याच जागी.

आमच्यातली शेवटची गोष्ट ठरलेली होती. भाकरी संपत आली की जिजाबराव माझ्याकडे बघायचा.

"काय रे मॉनिटर, गप्प का? बोलणाऱ्यांची नावं लिहितोय का अजून? चल, सायकल काढ."

आणि मी सायकल काढायचो.

गोष्ट अशी. नववीत असताना हिरामणनं हेडसरची सायकल पळवली. पुलाजवळच्या उतारावरून घंटी वाजवत सुसाट निघाला आणि थेट पांझरेच्या पात्रात गेला. सायकल तिथंच टाकली आणि ओल्या चड्डीनं येऊन साळसूदासारखा वर्गात बसला. ओली चड्डी आली की सगळे हसून लोळायचे. मी ती गोष्ट फार चांगली सांगतो. उतार सुरू झाला की शर्टात वारा कसा शिरतो, ब्रेक लागत नाही हे कळल्यावर हात कसे थंड पडतात — हे मी असं सांगायचो की ऐकणाऱ्याचे हात थंड पडावेत. जिजाबराव म्हणायचा, "साल्या, जणू तूच बसला होता सायकलवर!"

मीच बसलो होतो.

लिहून झालं. वाटलं होतं याला अजून दोन-चार पानं लागतील. पण एवढ्यानं काही सांगून होत नाही. पोरवयात एक सायकल पळवली, यात लपवण्यासारखं काय आहे? काहीच नाही. लपवलेलं पुढे आहे.

उन्हाळ्याचे दिवस. शाळेच्या नळाला पाणी नसायचं, म्हणून वर्गातला माठ भरून ठेवणं मॉनिटरकडे होतं. पाणी बोर्डिंगच्या हौदातून बादलीनं आणावं लागे. मी कधीच आणलं नाही. हिरामणला पाठवायचो. तो शिरपूरच्या पुढचा, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा. बोर्डिंगात राहायचा. तो नाही म्हणत नसे, म्हणून त्याला. वर्गात तो बोलला की पोरं त्याच्या अहिराणीला हसायची, त्यामुळे तो फारसा बोलतही नसे. मी हसायचो नाही. घरी आम्हीही तेच बोलायचो, हे कुणाला कळू नये म्हणून गप्प राहायचो.

त्या दिवशी एक तास मोकळा होता. मी हिरामणला पाण्याला पाठवलं आणि मागोमाग मीही बाहेर पडलो. लिंबाखाली हेडसरची सायकल उभी होती. हिरवी, डायनामो असलेली. कुलूप नव्हतं. मला भाड्याच्या सायकलवर शिकून थोडेच दिवस झाले होते. शाळेच्या मागच्या फाटकानं बाहेर पडलो. उतार, वारा, हात थंड पडणं — ते सगळं खरं आहे, मी तुम्हाला सांगितलं तसंच. फक्त घंटी मी वाजवली नव्हती. ती नंतर घातली.

पात्रातल्या कोरड्या वाळूत पडलो. पुढचं चाक वाकलं, फिरेना. सायकल तिथंच सोडली, कपडे झटकले आणि पळत आलो. वर्गात पोरांचा गोंधळ चालू होता, माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. माठ भरलेला होता. हिरामण जागेवर बसला होता. मला इतकी तहान लागली होती की मी त्या माठातलं पाणी ग्लासावर ग्लास प्यायलो.

नंतर हेडसर आले. त्यांची सायकल पात्रात पडलेली कुणीतरी पाहिली होती. त्यांच्या हातात छडी होती.

"या वर्गातून कोण बाहेर होतं?"

त्यांनी मलाच विचारलं, कारण मी मॉनिटर. मी हिरामणचं नाव घेतलं. खोटं नव्हतं ते. तो बाहेर होताच. हेडसरांनी त्याला उभं केलं. बादली हिंदकळल्यानं त्याची चड्डी ओली झाली होती. पांझरेला त्या वेळी मधल्या डोहात थोडं पाणी होतं. हेडसरांना आणखी काय हवं होतं?

"सर, मी पाणी आनाले गयथू," हिरामण म्हणाला. पोरं हसली. घाबरला की त्याची मराठी सुटायची. मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. "यानं पाठवलं."

हेडसर माझ्याकडे वळले. "तू पाठवलं होतंस?"

"नाही, सर."

हे ते दोन शब्द. मला त्यांचा आवाज अजून ऐकू येतो — स्वच्छ, शुद्ध, धडा वाचल्यासारखा. हिरामणनं माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर तो काहीही बोलला नाही. छड्या बसत होत्या तेव्हाही नाही. मी त्या वेळी समजलो, हा घाबरला. आता वाटतं, त्याला कळलं होतं. पाठवणाराच नाही म्हणतो, तर का म्हणतो — हे कळायला कितीशी अक्कल लागते?

त्याला बोर्डिंगातून काढलं. काका आला, त्याची पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली, आणि दोघं एसटी स्टँडकडे चालत गेले. मी खिडकीतून पाहिलं. पुढे तो शिरपूरला एका जिनिंगमध्ये कामाला लागला, आयुष्यभर कापसात राहिला. दहावीला बसला नाही. मी बसलो. पहिला आलो.

पहिल्या भरीत पार्टीला कुणीतरी विचारलं, "तो हेडसरची सायकल पळवणारा कोण रे?" कुणाला माठ आठवेल का? बादली? म्हणून मीच पुढे होऊन सांगायला लागलो. गोष्ट माझ्या तोंडी राहिली की तिच्यात काय घालायचं आणि काय नाही, हे माझ्या हातात राहणार होतं. त्याला पाण्याला पाठवल्याचं मी काढून टाकलं. घंटी घातली. दर वर्षी हिरामण जास्त धीट होत गेला, जास्त रुबाबदार. मी मनाला सांगायचो, बघ, तू त्याला हिरो केलंस. सगळ्यांना तो आवडतो. नाहीतर त्याची आठवण तरी कुणी काढली असती का?

असं सांगत मी कितीतरी भाकऱ्या खाल्ल्या.

एका वर्षी जिजाबरावनं त्याला शोधून काढलं. हिरामण शिरपूरहून बस बदलत बदलत आला. पांढरा शर्ट, हातात सीताफळांची पिशवी. सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या. "आला रे, सायकलवाला आला!" तो सतरंजीच्या कडेला बसला. आणि भाकरी संपत आल्यावर जिजाबरावनं माझ्याकडे पाहिलं.

तुम्ही काय केलं असतं, हे मी विचारत नाही. मी काय केलं ते सांगतो. मी त्याच्यासमोर ती गोष्ट सांगितली. अख्खी. घंटीसकट, ओल्या चड्डीसकट. सगळे लोळले. जिजाबरावनं त्याच्या पाठीवर थाप मारली, "हिरामण, बोल, खरं का नाही?"

हिरामण भाकरीचा तुकडा हातात धरून बसला होता. म्हणाला, "बठ्ठं खरं शे."

सगळं खरं आहे.

संध्याकाळी मी त्याला हायवेवर सोडायला गेलो. लांबून बस दिसली. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माले आजूनबी सायकल येत नही." आणि जरा थांबून, "पन तू भारी सांगस. आयकाले बरं वाटनं."

रागावला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं. बस आली. त्यानं पिशवी आठवणीनं घडी करून खिशात घातली आणि चढला. पुन्हा कधी आला नाही. दर वर्षी निरोप जायचा, दर वर्षी तब्येतीचं कारण यायचं. आणि मी? मी त्यानंतरही दर हिवाळ्यात सायकल काढली.

तो गेल्यावर आम्ही चौघं त्याच्या गावी सांत्वनाला, दारावर बसायला गेलो. ओट्यावर सतरंजी, भिंतीला टेकवलेला फोटो. बायको आधीच वारलेली. एकच मुलगी, रेखा, शिरपूरला दिलेली. तिनं पाणी आणून दिलं आणि आमच्यासमोर बसली.

"बाबा शाळेचं कधी बोलायचेच नाहीत, काका. विचारलं की उठून जायचे. तुम्ही सोबत होते, तुम्ही सांगा ना काहीतरी."

जिजाबरावनं डोळे पुसले. "अगं पोरी, तुझ्या बापानं हेडमास्तरची सायकल पळवली होती!"

"बाबांनी?" ती आमच्याकडे बघत राहिली. "बाबांना सायकल यायची? आम्ही तर कधीच पाहिलं नाही."

जिजाबराव म्हणाला, "मॉनिटर, सांग तिला."

आतापर्यंतचं सगळं लहानपणाच्या खात्यावर टाकता येईल, भीतीच्या टाकता येईल. हे नाही. मी साठीचा माणूस आहे. समोर त्याचा फोटो होता. मुलीनं सरळ विचारलं होतं, आणि तिला जे वाटत होतं तेच खरं होतं. मला फक्त "नाही" म्हणायचं होतं. तो शब्द मला एकदा किती सहज आला होता.

"यायची," मी म्हणालो. "फार छान यायची."

आणि मी सांगितलं. उतार, वारा, घंटी. आतल्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. रेखा रडता रडता हसायला लागली. मग तिनं विचारलं, "एवढी येत होती तर पुन्हा कधी बसले का नाहीत? मी लहानपणी शिकवा म्हणून हट्ट केला होता. खाली मान घालून निघून गेले."

त्यालाही माझ्याकडे उत्तर होतं. म्हणालो, हेडसरांनी मारलं, त्यानंतर त्यानं सायकलला हात लावला नाही. फार मानी होता.

तिनं मान हलवली. तिला ते पटलं. तिच्या बापाचं सगळं न बोलणं त्या एका वाक्यात बसलं.

दहाव्याला तिनंच ती गोष्ट पाहुण्यांना सांगितली, असं जिजाबराव म्हणाला. त्यानं तिला ग्रुपवर घेतलं आहे. या हिवाळ्यात ती नशिराबादला येणार आहे, मुलाला घेऊन. काकांच्या तोंडून पुन्हा ऐकायचंय, असं तिनं लिहिलंय.

हिरामणला सायकल येत नव्हती. त्या दिवशी तो मी सांगितलं म्हणून पाणी आणायला गेला होता, आणि ते पाणी मी प्यायलो. त्या वर्गात हे माहीत असलेले आम्ही दोघंच होतो. आता मी एकटा आहे.