तिन्ही पाती बघून सांगा

लग्नाला बारा वर्षं झाली तरी नवऱ्याने तिला कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. वीज कंपनीने सबस्टेशनं दुरून चालवायला घेतली आणि त्याच्यावर ती पाळी आली. तो लाइनमन, ती नव्या कंट्रोल रूममधली ऑपरेटर. आधी ती तक्रारींचे फोन घ्यायची, मग परीक्षा देऊन या खुर्चीवर आली. आता अर्ध्या शहराच्या लाइन ती माउसने बंद-चालू करायची, आणि खांबावर चढण्याआधी त्याला तिची परवानगी लागायची. फोन रेकॉर्ड व्हायचे, त्यामुळे तिथे ‘अगं’ची सोय नव्हती. “मॅडम, लाइन बंद करता का?” असं तो पहिल्यांदा म्हणाला, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना चहाचा ठसका लागला.

त्याला कंट्रोल रूममधल्या त्या पडद्याचं कौतुक नव्हतं. पूर्वी सबस्टेशनला माणूस असायचा, दोन शब्द बोलणं व्हायचं. आता दाराला कुलूप आणि वर कॅमेरा. “कॅमेऱ्याशी काय गप्पा मारू?” म्हणून जेवताना त्याची कुरकुर चालायची. तिची तक्रार वेगळीच होती. हा बाबा घरात काही धड बघायचा नाही. टॉवेल नाकासमोर असला तरी ‘नाहीये’ म्हणून मोकळा.

एका दुपारी खांबावरचा तडकलेला इन्सुलेटर बदलायचा होता. तिने पुढच्या वस्तीला दुसऱ्या लाइनवरून वीज दिली, मधल्या खांबावरचा, तीन तारांची तीन पाती मोटरने उघडून वीज तोडणारा स्विच उघडला आणि सबस्टेशनमधला ब्रेकर पाडला. पडद्यावरचे दोन्ही लाल चौकोन हिरवे झाले, म्हणजे मधला तुकडा दोन्हीकडून सुटला.

“स्विचची तिन्ही पाती बघून सांगा,” ती फोनवर म्हणाली. तो त्याच खांबाखाली उभा होता.

“उघडलीत, मॅडम.”

उत्तर जरा जास्तच लवकर आलं. तिला टॉवेल आठवला.

“एकेक बघून सांगा.”

पलीकडे सुस्कारा ऐकू आला. “डावीकडचं उघडं. उजवीकडचं उघडं.” मग तो थांबला. “मधलं अडकलंय. आतच आहे.”

मोटर फिरली, दांडा हलला, तेवढ्यावर पडद्याने निर्वाळा दिला होता. वस्तीकडची वीज त्या एका पात्यातून इकडे येत होती. तिने आवाज हलू दिला नाही.

“परवानगी नाही. लांब उभे राहा. मी पलीकडचाही स्विच उघडते, तिथे जाऊन बघा.”

वस्ती अंधारली नाही, दुपारच होती, पण पंखे थांबले आणि तक्रारींचे फोन वाजू लागले. तो मोटरसायकलवर पुढच्या खांबापाशी गेला. या वेळी उत्तर सावकाश आलं. “तिन्ही उघडी आहेत. खालून फिरून, दोन्ही बाजूंनी बघितली.” मग त्याने टेस्टर लावून खात्री केली, तारा जमिनीशी जोडल्या आणि तिने परवानगी दिली. इन्सुलेटर बदलला, अडकलेलं पातंही सोडवलं, आणि चहाच्या वेळेआधी वस्तीचे पंखे पुन्हा फिरू लागले.

ड्युटी संपता संपता तिचा स्वतःचा मोबाइल वाजला.

“बसने जाऊ नकोस. मी येतो घ्यायला.”

“आज काय विशेष?”

“काही नाही. वाटेतच आहे.”

मोटरसायकलवर मागे बसल्यावर तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्या मधल्या पात्याला कसा गंज धरला होता ते तो घरापर्यंत सांगत राहिला, आणि तिने ते सगळं आनंदाने ऐकलं.